सातव्या वर्षाचे खरेदीखत

इ. स. १८८८ च्या सप्टेंबरात यहुदी पंचांगाचे ५६४९ वे वर्ष लागले, आणि याफा बंदराच्या आग्नेयेस असलेल्या एक्रोन नावाच्या लहानशा वसाहतीतील शेतकऱ्यांनी, पहिल्या पावसाची वेळ जवळ येऊन ठेपली असतानाही, आपले नांगर बाहेर काढावयाचे नाहीत असा निश्चय केला. ही माणसे आळशी नव्हती. किंबहुना ती आळशी नव्हती म्हणूनच तेथे आणली गेली होती. त्या काळी पॅलेस्टाइनात नव्या वसाहती घालावयास निघालेल्या यहुदी मंडळींत दुकानदार, विद्यार्थी आणि पोथीपंडित यांचाच भरणा फार, आणि शेताच्या बांधावर कधी पाऊल न टाकलेल्या या लोकांची फजिती उघड दिसत होती. अशा वेळी बियालिस्टोकचे रब्बी श्मुएल मोहिलेव्हर यांनी १८८२ साली पॅरिसला जाऊन बॅरन एदमाँ द रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य पेढीवाल्याची भेट घेतली, आणि माणसे आम्ही निवडून देतो, जमीन आपण द्यावी, ही गोष्ट त्याच्या गळी उतरविली. रशियन साम्राज्यातील पावलोव्का या खेड्यातून, ज्यांच्या हाताला नांगराचे घट्टे पडले होते अशी मोजकी कुटुंबे निवडण्यात आली, आणि १८८३ साली एक्रोन वसले. जमीन बॅरनची, बी-बियाणे बॅरनचे, निर्वाहाचा तनखाही बॅरनचाच. तेव्हा कारभारीही अर्थातच बॅरनचे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा न्याय जगात सर्वत्र चालतो, आणि तो येथेही चालेल असे त्या कारभाऱ्यांनी गृहीत धरले असल्यास नवल नाही.

शिवाय त्यांच्या हाती एक कागद होता. युरोपातील नामांकित रब्बींनी दिलेल्या त्या अनुज्ञापत्राचा आशय असा की, वसाहतीची जमीन ठराविक मुदतीपुरती एखाद्या परधर्मीयास विकावी, खरेदीखत करावे, आणि मग त्या वर्षी तीत काम चालू ठेवण्यास प्रत्यवाय नाही. हे अनुज्ञापत्र सिद्ध करणाऱ्यांत मोहिलेव्हर स्वतः होते! ज्या पुरुषाने या कुटुंबांना पावलोव्कातून उचलून पवित्र भूमीत आणून बसविले, त्याच पुरुषाने दिलेली सूट या कुटुंबांनी नाकारली. आणि ती नाकारण्याचे कारण एवढेच की, त्या भूमीत येण्याविषयी जे त्याने त्यांना शिकविले होते, त्यावर त्यांचा त्याच्यापेक्षाही अधिक अक्षरशः विश्वास बसला होता.

जो कायदा पाळण्यासाठी ही माणसे अन्नदात्याशी वैर पत्करण्यास तयार झाली, तो बायबलच्या तीन ग्रंथांत तीन अंगांनी आलेला आहे. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात तो दयाधर्म म्हणून येतो: सहा वर्षे पेरावे, सातव्या वर्षी जमीन पड टाकावी, तीत आपसूक उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यांच्याकडून उरेल ते रानच्या जनावरांनी. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात तो व्रताचे रूप घेतो. तेथे विश्रांती माणसाला नाही, भूमीला आहे, माणूस जसा सातव्या दिवशी शब्बाथ पाळतो तसा भूमीने सातव्या वर्षी पाळावयाचा. आणि अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात तो सावकाराच्या वहीपर्यंत पोचतो: सातव्या वर्षाअखेर शेजाऱ्याकडील येणे सोडून द्यावे. या वर्षास इब्रीत 'श्मिता' म्हणतात. हातात घट्ट धरलेली वस्तू मूठ उघडून सोडून देणे, हा त्या शब्दाच्या धातूचा अर्थ.

जमीन अधूनमधून पड टाकली की तिचा कस वाढतो, हे आपल्याकडील कोणताही कुणबी सांगेल, आणि पुष्कळ आधुनिक लेखक मोशेच्या कायद्यातही हेच कृषिज्ञान पाहतात. मला हे पटत नाही. केवळ कसासाठी हा नियम असता, तर शहाण्या शेतकऱ्याने दरसाल आपल्या जमिनीचा सातवा हिस्सा पाळीपाळीने पड टाकला असता आणि सहा हिश्शांवर पोट भरले असते. परंतु हा नियम सांगतो की साऱ्या देशातील सारी शेते एकाच वर्षी थांबली पाहिजेत. मग सातव्या वर्षी खावे काय, हा प्रश्न आजच्या टीकाकारांनी शोधून काढलेला नाही. तो मूळ ग्रंथातच विचारलेला आहे, आणि सहाव्या वर्षी तीन वर्षांचे पीक येईल असे त्याचे उत्तरही तेथेच दिले आहे. ते उत्तर कृषिशास्त्राचे नव्हे. त्याच अध्यायात थोडे पुढे या साऱ्या व्यवस्थेचे मर्म सांगितले आहे. ते आपल्या जुन्या महसुली भाषेत मांडावयाचे तर असे की, त्या भूमीची मिरास परमेश्वराची, आणि तिच्यावर वाहीत करणारा इस्राएल हा केवळ उपरी. मिरासदाराने सातव्या वर्षी आपली जमीन परत ताब्यात घेतली, तर उपऱ्याने तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

परंतु उपऱ्याला पोट असते, आणि पोटाच्या वर सरकार असते. इ. स. पूर्व १६३ च्या सुमारास सीरियाच्या ग्रीक राजाने बेथ-सूरच्या गढीस वेढा घातला, तेव्हा ते श्मितेचे वर्ष असल्याने कोठारात धान्य नव्हते, आणि तेवढ्यामुळे ती गढी शत्रूच्या स्वाधीन करावी लागली, असे मक्काबींच्या इतिहासात नमूद आहे. पुढे रोमची सत्ता आली. ज्यूलियस सीझरने यहुद्यांवर सारा बसविताना सातवे वर्ष सोडून दिले, असे त्याच्या सनदांचे जे उतारे जोसीफस या इतिहासकाराने दिले आहेत त्यांत स्पष्ट म्हटले आहे. सैन्याच्या जोरावर जग जिंकणाऱ्या त्या मुत्सद्द्याला, जेथे पीकच नाही तेथून वसूल काय करणार, हे व्यवहारज्ञान होते. सर्वच रोमनांना ते होते असे नाही. टॅसिटसने आपल्या ग्रंथात, सातव्या दिवशीचा आराम गोड लागल्यामुळे या लोकांनी सातवे वर्षही आळसाला वाहिले, अशा अर्थाची कुचेष्टा केली आहे. पुढे सीझरची ती सवलत गेली, आणि तिसऱ्या शतकात सैन्याच्या रसदीसाठी धान्यरूपाने घ्यावयाचा कर श्मितेच्या वर्षीही मागितला जाऊ लागला, तेव्हा रब्बी यन्नाय यांनी लोकांना बाहेर पडून पेरणी करण्यास जाहीररीत्या सांगितले. सरकारचा सारा धर्माहून मोठा, असा याचा अर्थ नव्हे. सारा न भरल्यास जीवच जातो, आणि जीव राखणे हाही धर्मच, एवढाच त्याचा अर्थ.

शेतापेक्षा सावकारी अवघड निघाली. कर्जमाफीच्या नियमाचा परिणाम असा होऊ लागला की, सातवे वर्ष जवळ आले म्हणजे कोणी कोणाला कर्ज देईना; गरिबाच्या कल्याणासाठी केलेला कायदा गरिबाच्याच मुळावर आला. मूळ ग्रंथात या कंजूषपणाबद्दल आधीच ताकीद दिलेली आहे, पण ताकिदीने तिजोरी उघडत नाही. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास होऊन गेलेल्या हिल्लेल या थोर आचार्याने यावर एक तोड काढली. धनकोने न्यायाधीशांपुढे जाऊन एक लेख करून द्यावा की, अमुक ठिकाणच्या न्यायाधीशहो, माझे जे काही येणे आहे ते मी आपल्या स्वाधीन करतो, म्हणजे ते मला केव्हाही वसूल करता यावे. शास्त्राचा निषेध माणसाने माणसाला तगादा लावण्यास आहे. न्यायसभेच्या दप्तरी गेलेल्या येण्याला तो लागू होत नाही, अशी ही युक्ती. या लेखास 'प्रोझबूल' म्हणतात, आणि हा शब्द ग्रीक आहे. मृत समुद्राजवळील मुरब्बाआतच्या गुहांत एक जीर्ण कर्जरोखा सापडला आहे. नीरो बादशहाच्या दुसऱ्या वर्षी लिहिलेल्या त्या रोख्यात ऋणकोने, श्मितेचे वर्ष मध्ये आले तरी मी पैसे फेडीन, अशी कबुली लिहून दिली आहे. म्हणजे हा पंडितांचा शुष्क वाद नव्हता; वाळवंटाच्या कडेला वीस नाण्यांसाठी हात पसरणाऱ्या माणसाच्या कागदातही सातवे वर्ष एक कलम होऊन बसले होते.

हिल्लेलच्या या तोडीची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत. मला मात्र तिसऱ्या शतकातील बाबिलोनी न्यायपंडित श्मुएल याचा राग अधिक जवळचा वाटतो. हा प्रोझबूल म्हणजे न्यायाधीशांचा उद्दामपणा असून, मला सामर्थ्य असते तर मी तो रद्द केला असता, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नावावर तालमुदात, म्हणजे यहुदी आचार्यांच्या धर्मचर्चांच्या महासंग्रहात, नोंदले आहेत. नंतरच्या नह्मान नावाच्या दुसऱ्या न्यायाधीशाने याच्या नेमके उलट मत दिले. दोन्ही मते एकाच पानावर, एकाखाली एक, जपून ठेवणारी ही परंपरा आहे. आणि प्रोझबूल आजही लिहिला जातो.

जॉर्डनच्या खोऱ्यात, बेथ-शआनच्या दक्षिणेस, रेहोव्ह येथे १९७० नंतरच्या दशकात बायझंटाइन काळातील एका प्रार्थनामंदिराची फरशी उकरून काढण्यात आली. प्रार्थनामंदिराच्या फरशीवर सामान्यतः सिंह, द्राक्षवेली, राशिचक्र असले काही अपेक्षावे. येथे मात्र रंगीत खड्यांनी एकोणतीस ओळींचा एक लेख जडविला आहे, आणि तो लेख म्हणजे दुसरेतिसरे काही नसून सातव्या वर्षी कोणत्या गावची कोणती भाजी चालते व कोणती चालत नाही याचा जाबता आहे. काकडी, कलिंगड, पुदिना, लसूण, तीळ, मोहरी, तांदूळ, जिरे. बाजारहाटाची यादी वाटावी अशा क्रमाने नावे येतात, आणि मग भूमीच्या सरहद्दीवरील गावांची नावे येतात, कारण सरहद्दीच्या आत पिकले तर बंधन, बाहेर पिकले तर नाही. देवळात शिरणाऱ्या शेतकऱ्याने पायाखाली पाहावे आणि आपले शेत कोणत्या बाजूस पडते ते ताडावे. धर्म आणि मंडई यांच्यामध्ये इतके थोडे अंतर मी दुसऱ्या कोणत्याही शिलालेखात पाहिलेले नाही.

सरहद्दीची ही गोष्ट आपल्यालाही अगदी परकी नाही. पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात शतकानुशतके राहिलेले बेने इस्राएल यहुदी शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून कोकणाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. शब्बाथ हा माणसाच्या देहाला चिकटलेला. तो माणूस जाईल तेथे त्याच्याबरोबर जातो, समुद्र ओलांडून रेवदंड्याच्या खाडीतही येतो. श्मिता भूमीला चिकटलेली. ती जागची हलत नाही. म्हणून अलिबागच्या तेल्याला सातवा दिवस होता, पण सातवे वर्ष नव्हते. जगभर पांगलेल्या यहुदी समाजाचे थोड्याफार फरकाने असेच होते. त्या भूमीत शेती करणारा यहुदी जवळजवळ उरलाच नाही, तेव्हा हा कायदा पोथीत राहिला. त्यावर भाष्ये झाली, भाष्यांवर टीका झाल्या, आणि ज्या पंडितांनी आयुष्यात कधी मूठभर गहू पेरला नव्हता त्यांनी छाटणी आणि खुडणी यांतील भेदावर रात्री जागविल्या. अशा रीतीने सुमारे बारा-तेरा शतके गेली, आणि मग एकाएकी एक्रोनच्या शेतात हा कायदा पुन्हा जागा झाला.

आता त्या अनुज्ञापत्राकडे वळू. १८८८ साली वॉर्सात तीन रब्बी एकत्र बसले: कुटनोचे ट्रुंक, बियालिस्टोकचे मोहिलेव्हर आणि वॉर्साचे क्लेपफिश. त्यांनी विक्रीचा मसुदा केला, आणि कोव्हनोचे वयोवृद्ध रब्बी यित्झाक एल्हानान स्पेक्टर, ज्यांचा शब्द त्या काळी रशियातील यहुद्यांत अखेरचा समजला जाई, त्यांनी त्याला मान्यता दिली. अटी कडक होत्या. सूट या एकाच श्मितेपुरती. पुढल्या वेळी पुन्हा विचार व्हावा. शास्त्राने मुख्यतः निषिद्ध केलेली कामे, म्हणजे नांगरणे, पेरणे, छाटणे व कापणे, परधर्मीय मजुरांकडूनच करवावीत. ज्याला मजूर लावण्याची ऐपत नाही त्याने जेरुसलेमच्या न्यायसभेस विचारावे. जमीन घेणारा मुसलमान असावा, कारण मूर्तिपूजकास ती भूमी देण्याविरुद्ध शास्त्रात जो निषेध आहे, तो एकेश्वर मानणाऱ्या मुसलमानास लागू होत नाही. सूट देणाऱ्या पक्षाचा मुख्य आधार असा की, बहुसंख्य यहुदी त्या भूमीबाहेर असताना श्मितेचे बंधन मूळ तोराचे, म्हणजे मोशेच्या धर्मग्रंथाचे, नसून मागाहूनच्या आचार्यांनी घातलेले आहे, आणि आचार्यांच्या बंधनात, उपासमार समोर उभी असता, सवड काढता येते.

याला विरोध झाला तो एखाद्या कोपऱ्यातून नव्हे. व्होलोझिनच्या विद्यापीठाचे प्रमुख रब्बी बर्लिन यांनी विरोध केला. जेरुसलेमचे अश्केनाझी, म्हणजे युरोपीय परंपरेच्या यहुद्यांचे, पुढारी दिस्किन आणि सलान्त यांनी केला. जेरुसलेमच्याच सेफार्दी, म्हणजे स्पेनकडून आलेल्या परंपरेच्या, न्यायपीठावरील एल्याशार यांनी मात्र सवलतीला पाठिंबा दिला, आणि इब्री वर्तमानपत्रांना वर्षभर पुरेल एवढा खुराक मिळाला. विरोधकांचा प्रश्न साधा, आणि म्हणूनच अडचणीचा होता. विकणाऱ्याला विकावयाचे नाही, घेणाऱ्याला घ्यावयाचे नाही, मुदत सरली की जमीन जिथली तिथे. याला विक्री म्हणावे कसे? आपल्याकडे मुदतखरेदी आणि बेनामी व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा प्रश्न समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्यातच ती विक्री तुर्की सरकारच्या दप्तरी नोंदविली जात नसे. शिवाय १८५८ च्या तुर्की जमीन कायद्याप्रमाणे बहुतेक शेतजमीन 'मिरी', म्हणजे मूळ मालकी सरकारची आणि वहिवाट तेवढी रयतेची. म्हणजे लेवीयाच्या दृष्टीने मिरासदार परमेश्वर, तुर्की दप्तराच्या दृष्टीने मालक सुलतान, पॅरिसच्या वहीप्रमाणे धनी बॅरन. आणि या तिघांच्या खाली उभा असलेला एक्रोनचा शेतकरी ती जमीन चौथ्याला विकून टाकणार!

त्याने विकली नाही. कारभाऱ्यांनी मदतीचा हात आखडता घेतला, तरी शेत पडच राहिले. या हट्टाकडे पाहण्याचे दोन मार्ग आहेत, आणि मला त्यांतील एकही पुरता सोडवत नाही. ज्याची जमीन दुसऱ्याच्या पैशाने आली आहे त्याने त्या पैशाची पर्वा न करता व्रत पाळावे, यात एक प्रकारचा सोपेपणा आहे. व्रत आपले, खर्च बॅरनचा. उलटपक्षी, ज्या कागदाने सर्वांची सोय होते त्यावर सही करण्यास नकार देणारी आठ-दहा घरे नसती, तर तो कागद ही सूट आहे, नियम नव्हे, याची आठवण कोणाला राहिली असती?

ही आठवण ज्याने सर्वांत अधिक प्रामाणिकपणे बाळगली तो पुरुष विरोधकांतील नव्हता, सूट देणाऱ्यांतीलच होता. अब्राहाम यित्झाक कूक हे १९०४ साली याफाचे व आसपासच्या वसाहतींचे रब्बी म्हणून आले. पाच वर्षांनी, १९०९-१० साली, श्मितेचे चौथे आवर्तन आले, तेव्हा वसाहतींची स्थिती पालटली होती. संत्र्यांच्या बागा फळावर आल्या होत्या, द्राक्षारसाची निर्यात चालू होती. एक वर्ष माल गेला नाही तर युरोपातील गिऱ्हाईक कायमचे तुटणार होते, आणि बाग एक वर्ष सोडली तर तिचे नुकसान पुढील वर्षी भरून निघत नाही. कूक यांनी विक्रीची सूट दिली, नव्हे, ती शास्त्रोक्त पायावर उभी करण्यासाठी 'शब्बात हा-आरेत्झ', भूमीचा शब्बाथ, नावाचा ग्रंथच १९१० साली प्रसिद्ध केला. विलक्षण गोष्ट अशी की, या ग्रंथाची प्रस्तावना श्मिता टाळण्याच्या सोयीबद्दल नाहीच. व्यक्तीला आठवड्याचा शब्बाथ जसा, तसे राष्ट्राला सातवे वर्ष, आणि देवघेवीच्या रोजच्या ओढाताणीत दबून गेलेला राष्ट्राचा आत्मा त्या वर्षी वर येतो, असे भूमीच्या विश्रांतीचे उदात्त स्तवन तीत आहे. ती प्रस्तावना वाचून पान उलटावे, तो पुढे विक्रीची कलमे सुरू होतात. एकाच बांधणीत स्तोत्र आणि खरेदीखत! काहींना ही विसंगती वाटते. मला वाटते, जी गोष्ट आपण आज करू शकत नाही तिचे मोल किती हे ज्याला ठाऊक आहे, त्यानेच ती न करण्याची परवानगी द्यावी. इतरांची परवानगी नुसती सवलत असते.

त्यांचे प्रतिस्पर्धी रब्बी विलोव्स्की हेही तोलामोलाचे होते. स्लुत्स्कचे हे तालमुदपंडित अमेरिकेत शिकागोपर्यंत जाऊन, तेथील धर्मशैथिल्याला विटून, उतारवयात गालीलातील सफेदला येऊन राहिले होते. त्यांनी या सवलतीवर जळजळीत लिहिले, आणि नुसते लिहून ते थांबले नाहीत. श्मिता पाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी परदेशातून पैसा मिळावा म्हणून त्यांनी खटपट केली. कूक यांनी त्यांना आदराने उत्तरे दिली, आणि जे स्वतः व्रत पाळू इच्छितात त्यांच्यावर विक्रीची सक्ती होऊ नये असे धोरण ठेवले. दरम्यान या वादातील एक उपरोध कोणाच्याच लक्षातून सुटला नसावा: रशियातून नव्याने आलेले तरुण मजूर यहुदी शेतात यहुदी हातांनीच काम व्हावे म्हणून झगडत होते, आणि धर्माची सूट सांगत होती की ते वर्ष काम परक्या हातांकडून करवा.

१९४८ साली इस्राएलचे राज्य स्थापन झाल्यावर पहिली श्मिता १९५१-५२ ची. निर्वासितांच्या लोंढ्याने लोकसंख्या दुपटीवर गेली होती, अंडी-साखर शिधापत्रिकेवर मिळत होती, आणि अशा वर्षी जमीन पड टाकावी असे म्हणणारा माणूस वेडाच ठरावा. बने ब्राक येथे राहणारे, कोणतेही अधिकारपद न धारण करता केवळ विद्वत्तेच्या बळावर मान्यता पावलेले रब्बी कारेलित्झ, ज्यांना त्यांच्या ग्रंथावरून 'हाझोन ईश' म्हणत, ते तसे म्हणत होते. त्यांचे वैशिष्ट्य असे की, विक्रीच्या कागदाला जो माणूस तसूभर वाव देत नव्हता, तोच माणूस शेतात उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला मात्र, झाड मरू नये म्हणून काय काय करता येईल, याची बारकाईने वाट दाखवीत असे. हाफेत्झ हाईम नावाच्या धर्मनिष्ठ किबुत्झाने, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीने, तर मातीच सोडली. खडीच्या वाफ्यात क्षारमिश्रित पाणी खेळवून भाजी काढण्याचे प्रयोग त्याने या निमित्ताने केले. जमिनीला स्पर्शच नाही, तर भूमीचा शब्बाथ मोडतो कसा? दोन हजार वर्षांपूर्वीचा हिल्लेल हे पाहून हसला असता, की श्मुएलाप्रमाणे रागावला असता, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोमेमियूत नावाच्या खेड्याची एक कथाही या काळातलीच सांगतात. श्मिता पाळलेल्या या शेतकऱ्यांना पुढील पेरणीसाठी सहाव्या वर्षाचे जुने बी हवे होते, आणि मिळाले ते किडलेले. ते त्यांनी इतरांच्या मागून पेरले, पाऊस उशिरा आला, आणि आधी पेरणाऱ्या शेजाऱ्यांची पिके करपली असता यांची तरारली. चमत्कार म्हणून ही कथा आवडीने सांगितली जाते. मला तीत एवढेच दिसते की, ज्याने एकदा वर्षभर थांबण्याचे धैर्य केले त्याला आणखी महिनाभर थांबणे जड गेले नाही.

सरकारला अर्थातच चमत्कारावर राज्य चालविता येत नाही. दर सातव्या वर्षी मुख्य रब्बींची कचेरी देशातील शेतजमिनीची विक्री एका परधर्मीयास करू लागली, आणि नोंदणीची जुनी अडचण पुन्हा डोके वर काढू लागली. जमिनीच्या नोंदवहीला तेथे आजही तुर्की अमदानीतील 'ताबू' हेच नाव आहे (आपल्या 'ताब्या'शी नाद जुळतो, कूळ निराळे), आणि ताबूत न चढलेली विक्री कायद्याने विक्री नव्हे. तेव्हा १९७९ साली नेसेट या तेथील विधिमंडळाने, श्मितेसाठी केलेली विक्री नोंदणीवाचूनही कायदेशीर समजावी, असा खास कायदा केला. एक्रोनच्या वेळी ज्या कागदाला सुलतानाच्या दप्तरात जागा नव्हती, त्याला नव्वद वर्षांनी विधिमंडळाचा शिक्का मिळाला. वाद मिटला असे मात्र नाही. २००७ साली मुख्य रब्बींनी ही विक्री मानावी की न मानावी हा निर्णय गावोगावच्या रब्बींवर सोपविला, तेव्हा काही शहरांत अशा शेतातील भाजीला धर्ममान्यतेचा दाखला नाकारला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने रब्बींच्या विरुद्ध निकाल दिला.

या सर्व दप्तरबाजीच्या पलीकडे, अश्दोद, लोद, दिमोना अशा शहरांत, १९४८ नंतर कोकणातून आणि मुंबईतून गेलेली मराठी बोलणारी घरे आहेत. ज्यांच्या पूर्वजांना सातवा दिवस ठाऊक होता पण सातवे वर्ष नव्हते, त्यांच्यापुढे ते आता भाजीच्या दुकानातील पाट्यांच्या रूपाने उभे राहते: हा कांदा विक्रीच्या शेतातला, हा अरब शेतकऱ्याचा, ही काकडी दक्षिणेकडील आराव्हातली, सरहद्दीपलीकडची, ही संत्री न्यायसभेच्या कोठारातली, म्हणजे किंमत फळाची नसून केवळ खुडणावळ आणि वाहतूक यांची. जेथे व्रत कसोशीने पाळतात, तेथे त्या वर्षी स्वयंपाकघरात नेहमीच्या कचऱ्याच्या डब्याशेजारी आणखी एक पिशवी लटकलेली दिसते. सातव्या वर्षाच्या फळाला पावित्र्य असते, ते खाण्यासाठी असते, नासण्यासाठी नव्हे. म्हणून त्याची खाण्याजोगी साल आणि ताटातले उष्टे कचऱ्यात टाकावयाचे नाही, या पिशवीत वेगळे ठेवावयाचे. दोन-चार दिवसांत ते आंबते, काळे पडते, कोणाच्याही तोंडी घालण्याजोगे राहत नाही. तसे झाले की पावित्र्य संपते. मग पिशवीचे तोंड बांधतात, आणि सकाळी ती नगरपालिकेच्या गाडीतून इतर कचऱ्याबरोबर जाते.